कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

भाताची कापणी होऊन खाचरे रिकामी झाली, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची रीत आपल्या पनवेलच्या परिसरात व एकंदर रायगड जिल्ह्यात फार जुनी आहे. थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर लागणारी पोपटी आणि घरोघरी होणारे वालाचे बिरडे ह्यांची गोडी आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. परंतु ह्याच वालाच्या दाण्यावर एका महाराष्ट्रीय विदुषीने मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधन केले आणि त्याची वार्ता १९५५ साली इंग्लंडातील 'नेचर' ह्या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. त्या विदुषी म्हणजे कै. डॉ. कमलाबाई सोहोनी. ज्यांस इंग्रजीत एन्झाइम व आपल्या पाठ्यपुस्तकांत विकरे म्हणतात, त्या पदार्थांच्या व मनुष्याच्या पोषणाच्या अभ्यासास त्यांनी आपले आयुष्य वाहिले. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस 'डीएनए पॉलिमरेज' हे लांबलचक नाव पाठ करावे लागते. कमलाबाईंचे चरित्र वाचता वाचता त्या नावाचाही उलगडा होण्यासारखा आहे. म्हणून येथे दोन्ही गोष्टी एकत्रच सांगण्याचे योजिले आहे.

कमलाबाईंचा जन्म इ. स. १९११ च्या जून महिन्याच्या १८ तारखेस इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे जाणते असून, जमशेटजी टाटांच्या दातृत्वाने बंगलोर येथे उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे ते आरंभीच्या काळातील विद्यार्थी होते. त्या संस्थेत पहिले विद्यार्थी दाखल झाले ते वर्षही १९११ हेच होय. कमलाबाईंच्या वडील भगिनी म्हणजे पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासाने ख्याती पावलेल्या आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या दुर्गाबाई भागवत. अशा विद्याव्यासंगी घरात वाढलेल्या कन्येस आपणही बंगलोरास जाऊन शास्त्रसंशोधन करावे अशी इच्छा व्हावी, ह्यात नवल ते काय?

इ. स. १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर त्यांनी बंगलोरच्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज पाठविला. गुण उत्तम, घराण्याचा त्या संस्थेशी पूर्वसंबंध. अर्ज नाकारला जाण्याचे वरकरणी काहीच कारण नव्हते. परंतु तो नाकारला गेला, आणि तोही केवळ अर्जदार स्त्री आहे म्हणून. त्या समयी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. प्रकाशाच्या विकिरणावरील शोधाबद्दल १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळालेले होते. प्रकाशकिरणांचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या ह्या महापुरुषाचीही स्त्रियांच्या शास्त्रीय योग्यतेविषयी समजूत मात्र त्या काळच्या सामान्य जनांसारखीच होती. थोर मनुष्याची दृष्टी सर्वच बाबतींत थोर असते असे नाही, हे ह्यावरून दिसून येते.

दुसरी एखादी मुलगी असती, तर रडून घरी बसली असती. कमलाबाईंनी तसे केले नाही. त्या बंगलोरास गेल्या, संचालकांपुढे उभ्या राहिल्या, आपणांस नाकारण्याचे कारण त्यांनी विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत तेथून न हलण्याचा सत्याग्रह आरंभिला. अखेरीस प्रवेश मिळाला, पण तो अटींवर. पहिले वर्षभर त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत व्हावयाची नव्हती. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामास मान्यता नव्हती. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंतही काम करावयाचे होते. आणि आपल्या उपस्थितीने पुरुष सहाध्यायांचे चित्त विचलित होणार नाही अशी दक्षता घ्यावयाची होती. ह्यांतील शेवटची अट किती अपमानकारक आहे हे आजच्या विद्यार्थिनींस सांगावयास नको. कमलाबाईंस त्या अपमानाची जाणीव पुरेपूर होती आणि ती त्यांनी पुढे वृद्धपणीही लपविली नाही. तथापि ज्ञानाचे दार थोडेसे तरी किलकिले झाले आहे, ते आपल्या हाताने पुन्हा लावून घेऊ नये, असा विचार करून त्यांनी अटी पत्करल्या.

श्री. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. ते शिस्तीचे कडक पण विद्यार्थ्यांच्या उत्कर्षाविषयी तळमळ बाळगणारे गुरू होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये व शेंगवर्गीय धान्ये ह्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले तेव्हा संचालकांचे पूर्ण समाधान झाले, आणि विशेष आनंदाची गोष्ट ही की, त्यानंतर त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाई एम. एस्‌सी. झाल्या. त्यांनी एकटीने सोसले, त्याचे फळ पुढील अनेकींस मिळाले.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे जीवनसत्त्वांविषयीच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स ह्यांची प्रयोगशाळा होती. प्रथम डॉ. डेरेक रिक्टर व नंतर डॉ. रॉबिन हिल ह्यांच्या सहवासात कमलाबाईंनी काम केले. बटाट्याच्या पेशींचा अभ्यास करीत असता त्यांस असे आढळून आले की, सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते. आपण अन्न खातो व श्वास घेतो. त्या अन्नातील शक्ती पेशींत मोकळी होताना इलेक्ट्रॉन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवावे लागतात. विकरांच्या ह्या रांगेत हे प्रथिन निरोप्याचे काम करते. प्राण्यांच्या पेशींत असलेला हा निरोप्या बटाट्यासारख्या मूक वनस्पतीतही आहे, म्हणजे प्राणी व वनस्पती ह्यांच्या जीवनव्यापाराचे मूळ एकच आहे, असे ह्या शोधावरून दिसून आले. अवघ्या चौदा महिन्यांत हे कार्य पुरे करून, सुमारे चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांनी पीएच. डी. पदवी मिळविली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची अग्रस्थानी गणना होते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या केंब्रिजने त्यांचा असा गौरव केला, त्या केंब्रिजनेही आपल्या विद्यार्थिनींस पदवीधराचे पूर्ण अधिकार १९४८ पर्यंत दिलेले नव्हते. तेव्हा संकुचितपणा हा काही एकट्या आपल्याच देशाचा वारसा नव्हता.

आता विकर म्हणजे काय ते पाहू. पहाटे ताडावरून उतरविलेली नीरा गोड असते. तीच ऊन चढेपर्यंत तशीच ठेवली तर फसफसते व तिची ताडी होते. हा बदल किण्व, म्हणजे यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवामुळे होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्हेल्म कूने ह्या जर्मन पंडिताने एन्झाइम हा शब्द घडविला, त्याचा ग्रीक भाषेतील अर्थच मुळी किण्वात असलेले असा आहे. पुढे १८९७ साली एडुआर्ड बुखनर ह्यांनी किण्वाच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते असे दाखवून दिले. म्हणजे हे काम जिवंत पेशीशिवायही तिच्यातील विकरांकडून होऊ शकते, असे ठरले. विकर एखादी रासायनिक क्रिया अनेक पटींनी शीघ्र घडवून आणते, पण स्वतः खर्ची पडत नाही. आणि प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. स्टार्चवर काम करणारे विकर प्रथिनास हात लावीत नाही.

ह्या विकरांस नावे देण्याची रीत मोठी सुबोध आहे. १८३३ साली पायेन व पर्सो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोड आलेल्या धान्यातून एक विकर वेगळे काढून त्यास डायास्टेज हे नाव दिले. त्यावरूनच पुढे विकराच्या नावाच्या शेवटी 'एज' हा प्रत्यय लावण्याचा परिपाठ पडला. युरियाचे विघटन करणारे ते युरीएज, मेदाचे म्हणजे लिपिडांचे विघटन करणारे ते लायपेज. पेप्सिन व ट्रिप्सिन ही नावे ह्या परिपाठाआधीची म्हणून त्यांस हा प्रत्यय नाही. सारांश, विकराचे नाव ते कोठे जन्मले किंवा कोणी शोधले ह्यावरून बहुधा पडत नसून, ते कोणत्या पदार्थावर कोणते काम करते ह्यावरून पडते.

असो. १९३९ साली कमलाबाई स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्यानेच निघालेल्या जीवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. पुढे निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणिताचे तज्ज्ञ श्री. मा. वि. सोहोनी ह्यांच्याशी त्यांचा विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या अध्यापिका झाल्या. येथूनच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळास आरंभ झाला.

त्यांनी संशोधनासाठी विषय निवडले ते गोरगरिबांच्या ताटातले. कडधान्ये हे आपल्या देशातील बहुजनांचे प्रथिनांचे मुख्य साधन. परंतु कच्च्या कडधान्यांत प्रथिनांबरोबर काही विरोधक द्रव्येही असतात. आपल्या आतड्यात प्रथिने पचविणारे ट्रिप्सिन नावाचे विकर आहे. ही द्रव्ये त्यास अडवून धरतात व खाल्लेले प्रथिन नीट अंगी लागू देत नाहीत. कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल आणि मुंबईकरांच्या परिचयाची डबल बी ह्यांतून अशी द्रव्ये शुद्ध स्फटिकरूपात वेगळी केली. प्रारंभी उल्लेखिलेली १९५५ सालची वार्ता ती हीच. कडधान्य नीट शिजविले म्हणजे ह्या विरोधकांचा जोर पुष्कळच कमी होतो. तेव्हा वाल भिजत घालून, मोड आणून, सोलून, मग चांगले शिजवून बिरडे करण्याचा जो खटाटोप आमच्या माताभगिनी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या, तो केवळ जिभेच्या चोचल्यासाठी नव्हता, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

ज्या काळात मुंबईत वालावर हे काम चालले होते, त्याच सुमारास, म्हणजे १९५६ साली, अमेरिकेतील सेंट लुईस शहरी आर्थर कॉर्नबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी आतड्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूतून डीएनएची साखळी गुंफणारे विकर शोधून काढले. कॉर्नबर्ग ह्यांच्या पत्नी सिल्व्ही ह्याही जीवरसायनशास्त्रज्ञ असून त्या कार्यात त्यांचाही हातभार होता. ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी तोडते. हे नवे विकर साखळी जोडते. त्याचेच नाव डीएनए पॉलिमरेज.

वर सांगितलेली रीत ठाऊक असली, म्हणजे ह्या नावाची फोड आपोआप होते. पॉलि म्हणजे अनेक, मेर म्हणजे भाग. अनेक लहान घटक एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी म्हणजे पॉलिमर. त्यापुढे 'एज' हा प्रत्यय आला, म्हणजे साखळी गुंफणारे विकर. आणि ती साखळी कोणती, तर डीएनएची. आनुवंशिक गुणांचा लेख ज्यात साठविलेला असतो तो हा पदार्थ. येथे विद्यार्थ्यांच्या हातून नेहमी घडणाऱ्या काही चुका सांगून ठेवितो. पहिली ही की, डीएनए व डीएनए पॉलिमरेज ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली लेख आहे, दुसरे लेखनिक आहे, आणि तो लेखनिक प्रथिनाचा बनलेला आहे. दुसरी ही की, नुसते पॉलिमरेज म्हणून भागत नाही, कारण आरएनएची साखळी गुंफणारे आरएनए पॉलिमरेज हे निराळे विकर आहे. तिसरी ही की, हे विकर शून्यातून नवा लेख रचीत नाही. त्यास समोर जुनी साखळी नमुन्यादाखल लागते, चार प्रकारचे सुटे घटक लागतात, आणि आरंभ करून देण्यासाठी एक आखूड तुकडाही आधी लागतो. नमुन्यातील प्रत्येक घटकासमोर त्याचा ठरलेला जोडीदार बसवीत ते पुढे सरकते. एखादा चुकीचा बसला तर बहुधा मागे वळून तो काढूनही टाकते. तुटक राहिलेले तुकडे सांधण्याचे काम मात्र लिगेज हे दुसरे विकर करते.

एक पेशी दुभंगून दोन होण्यापूर्वी मनुष्याच्या डीएनएतील कोट्यवधी घटकांची नक्कल ह्या लेखनिकांस करावी लागते. कॉर्नबर्ग ह्यांस ह्या कार्याबद्दल १९५९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे असे दिसून आले की, त्यांनी प्रथम शोधलेले विकर मुख्यतः दुरुस्तीचे काम करते व त्या जंतूतील नकलेचा मुख्य कारभार त्याच जातीचे दुसरे विकर पाहते. म्हणून आता ह्या विकरांस पॉलिमरेज एक, दोन, तीन असे क्रमांक देतात. नाव एक असले तरी प्रत्येकाचा कामाचा वाटा निराळा, हेही त्या नावाच्या वापरात लक्षात ठेवावे लागते.

कमलाबाईंच्या चरित्राकडे पुन्हा वळू. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद ह्यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला. ताजी नीरा व ताडाचा गूळ ह्यांत जीवनसत्त्वे व लोह असून, कुपोषित आदिवासी मुलांस व गरोदर स्त्रियांस त्यांचा चांगला उपयोग होतो, असे त्यांच्या कार्यावरून दिसून आले. जी वस्तू आंबवून माणसे उद्ध्वस्त होतात, तीच ताजी असता दुबळ्यांस बळ देऊ शकते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले. ह्या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे येथील दूध योजनेसही त्यांच्या ज्ञानाचे साहाय्य झाले.

इतके होऊनही इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद त्यांस सहजासहजी मिळाले नाही. पात्रता असूनही काही वर्षे त्यांस ताटकळत राहावे लागले आणि मगच त्या पदावर त्यांची नेमणूक झाली. बंगलोरच्या दारात तरुणपणी आलेला अनुभव प्रौढ वयात मुंबईतही थोड्याफार फरकाने पुन्हा आला. दोन्ही वेळा त्यांनी आपले काम सोडले नाही, हीच त्यांची खरी थोरवी होय. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या हितासाठी मुंबईत निघालेल्या कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ह्या संस्थेच्या कार्यात त्या शिरल्या, १९८२-८३ साली तिच्या अध्यक्ष झाल्या, आणि तिच्या 'कीमत' ह्या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी सामान्य गृहिणीस उपयोगी पडतील असे लेख लिहिले.

इ. स. १९९८ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्यांस एकाएकी अस्वस्थ वाटून त्या कोसळल्या व थोड्याच दिवसांनी, जून महिन्याच्या २८ तारखेस, त्यांचे देहावसान झाले. सन्मान आला तो असा अगदी अखेरच्या घटकेस. परंतु सन्मानाची वाट पाहत त्या कधी बसल्याच नव्हत्या.

विद्यार्थी व विद्यार्थिनींनो, ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध एकच आहे. विकरास नाव देताना शास्त्रज्ञ त्याचे काम पाहतात. एका बुद्धिमान तरुणीस प्रवेश देताना मात्र थोर शास्त्रज्ञांच्या संस्थेनेही काम पाहण्याआधी ती स्त्री की पुरुष हे पाहिले. जो न्याय आपण प्रयोगशाळेतील थेंबभर द्रवास देतो, तो जिवंत मनुष्यास देण्यास का कचरावे? आपल्या गावातही एखाद्या हुशार मुलीचे शिक्षण दहावीनंतर थांबविण्याचा विचार घरात निघतो. कोणी मुंबईच्या प्रवासाचे निमित्त सांगतो, कोणी लग्नाचे. अशा प्रसंगी पालकांनी क्षणभर थांबून त्या मुलीची वही उघडून पाहावी आणि मग निर्णय करावा. आणि मुलींनीही, दार अर्धेच उघडले तरी आत पाऊल टाकावे. कमलाबाई आत गेल्या, म्हणून त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींस ते दार उघडे सापडले.